कोनाड्यातलं वायफाय

"ओ मॅडम, लॅपटॉपला ऊन दाखवताय काय?"

आवाज थेट आकाशातून आला! निदान स्नेहलला तरी तसंच वाटलं. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांनी उंच धरून ती संध्याकाळच्या उन्हात आपल्या विंझर गावच्या रस्त्यावर नेट शोधत फिरत होती. मान वर केली तर... खांबाला टेकवलेल्या शिडीवर एक तरुण. खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, हातात पक्कड आणि गालावर — अगं बाई — चक्क खळी!

"घरचं नेट गेलंय. तुमच्याच कंपनीचं," ती फणकारली. "हसताय काय?"

"नेट गेलं असेल. मी तर इथंच आहे!"

तो स्वरूप. कामथडीचा, नसरापुरातल्या एका छोट्या नेट कंपनीत कामाला. "उद्या येतो बघायला," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच आला.

आणि वायफाय? कसं अगदी शहाण्या बाळासारखं चालत होतं!

"काल खरंच गेलं होतं हो," स्नेहल कळवळून म्हणाली.

"मी येणार म्हटल्यावर घाबरून परत आलं असेल."

तरी त्यानं लॅपटॉप मांडीवर घेऊन जुनी जोडणी पुसली, पासवर्ड नव्यानं टाकला, बॅटरी वाचवायला वायफाय झोपी घालणारं सेटिंग बंद केलं. माजघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात, आईनं विणलेल्या रुमालावर ऐटीत बसलेला राउटरही पुसून ठेवला. चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेट पुन्हा गायब! स्नेहलनं पुन्हा तक्रार केली. तो पुन्हा दुसऱ्या दुपारी आला. नेट पुन्हा ठणठणीत!

"ह्यो आला की नेट येतंय," आई चहाचा कप पुढं करत म्हणाली. "ह्येलाच ठिवून घ्या की हितं!"

स्वरूपला ठसका लागला. स्नेहल कानापर्यंत लाल.

"खरं सांगा," जाताना तो हळूच म्हणाला, "नेटसाठी बोलावता, की..."

"की काय?"

"की... चहासाठी?"

"चहा तर तुम्ही पिता!"

"तेच म्हणतोय मी. चहा मला लई आवडला."

पण तिसऱ्या खेपेला तो हसला नाही. "साहेब म्हणतात, विंझरची तक्रार खोटी आहे. आता नोंदवायची नाही."

एम.ए. झाल्यापासून स्नेहलनं एकच ध्यास घेतला होता — परदेशातल्या मराठी मुलांना घरबसल्या मराठी शिकवायचं. त्या कामासाठीचे आधीचे चाचणी तास नेट गेल्यानं मध्येच तुटले होते. शेवटचा शनिवारी. तोही तुटला तर पुण्याला मामाकडे राहून मिळेल ती नोकरी करायची, असं दादांनी, तिच्या वडिलांनी, ठरवूनच टाकलं होतं. आणि तिला तर इथंच राहायचं होतं! अंगणातून राजगड दिसणाऱ्या ह्या घरात.

"तुम्हालाही खोटी वाटते?"

त्यानं कोनाड्याकडं एक नजर टाकली. मग म्हणाला, "शनिवारी मला सुट्टी आहे. नेट जायच्या आधीच येऊन बसतो. बघू कसं जातंय ते."

शनिवारी तो आला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. (वायफाय बघायला इस्त्री कशाला लागते, हे स्नेहलनं विचारलं नाही!) दुपारभर नेट झकास. मग संध्याकाळी एक दिवसाआड येणारं नळाचं पाणी आलं, आईची लगबग सुरू झाली आणि लॅपटॉपवरच्या वायफायच्या रेघा एकेक करून विझल्या.

"गेलं!" स्नेहल ओरडली.

स्वरूपनं राउटर बंद करून चालू केला, वायर तपासली, परत बंद, परत चालू... काही नाही. तास आता कुठल्याही क्षणी सुरू होणार. स्नेहलचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात शेजारच्या सगुणाबाई. "माज्याकडं पानीच न्हाई आलं गं. हंडाभर देती का?"

"घ्या की," म्हणत आईनं कोनाड्यापुढच्या कट्ट्यावरच्या रांगेतला मधला हंडा आणि त्यावरची कळशी उतरवली.

टिंग! लॅपटॉप जागा झाला.

स्नेहल थबकली. "आई... ते परत ठेव."

"आगं, सगुणाबाईला देती म्या!"

"ठेव गं!" ठेवलं. नेट गेलं. "उचल!" आलं.

"पोरगी येडी झाली," सगुणाबाई पुटपुटल्या.

स्वरूपनं कपाळावर हात मारला. "अहो, तांबं! वर गळ्यापर्यंत पाणी! ह्याच्या पलीकडं वायफाय जाणार कसं?"

पाण्याच्या दिवशी संध्याकाळी कोनाड्यापुढं भरल्या हंड्यांची भिंत उभी राहायची. दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत पाणी संपून हंडे चिंचेनं घासून अंगणात उन्हाला!

दोघं हंड्यांवर तुटून पडले. एकाच काठावर दोघांची बोटं... पाणी हिंदकळलं, इस्त्रीचा शर्ट चिंब.

"सोडा, मी नेते."

"तुमचा तास आहे. तुम्ही सोडा."

"आधी तुम्ही..."

"हंडा धरूनच ऱ्हाणार व्हय दोघं?" आई.

तास न तुटता पार पडला. दूरदेशीची चिमुरडी "बेडूक, बेडूक" म्हणत खिदळली आणि दोन दिवसांत स्नेहलला काम लागलं!

हंड्यांची जागा बदलली आणि त्यानंतर नेट सुरळीत चालू राहिलं. पाण्याचे दिवस आले नि गेले. ते हललंसुद्धा नाही. स्नेहल त्या भरगच्च रेघांकडे रागानं बघत राही. त्याला बोलवायला खोटी तक्रार करायची? छे! आपली तक्रार खरी आहे म्हणून भांडलेली मुलगी ती. मग एका सकाळी तिनं खरीच केली.

"मी विंझरवरून बोलतेय. तक्रार आहे."

"नेट गेलं?" स्वरूपचा आवाज केवढा आनंदला!

"नाही. एकदम छान चालतंय."

"मग तक्रार काय?"

"...हीच."

पलीकडे एक ट्रक गेल्याचा आवाज. मग, अगदी हळू — "ही एकट्यानं सुटायची नाही. रविवारी आई-वडिलांना घेऊन आलो तर... चालेल?"

"ये!" ती बोलून गेली, आणि जीभ चावून हसली.

आईनं पावट्याच्या शेंगा सोलता सोलता कान टवकारले. "कोन येतंय गं?"

"नेटवाले, आई. ह्या वेळी तिघं येतायत."

आईनं लेकीच्या तोंडाकडं नीट बघितलं. सूप बाजूला सारलं.

"तिघं? मंग साखर हाय का बघ डब्यात. आन् त्यो रुमाल धू आदी. पाव्हनी कोनाडाच बघत्याली!"