कडीची गल्ली

गल्ल्यांची नावं लिहायचं काम वैजनाथकडं आलं, ते त्याला उर्दू वाचता येत होतं म्हणून. पोलीस ॲक्शनला नऊ वर्षं झाली होती. निजामाच्या वेळचे कागद अजून कपाटांत तसेच पडून होते, आणि कचेरीतल्या वरच्या साहेबांना एकाएकी हुक्की आली, की औरंगाबादच्या जुन्या गल्ल्यांना नागरी अक्षरांत पाट्या लावायच्या. आता नुसत्या पाट्या लावून भागतं होय? आधी रजिस्टर पाहिजे. गल्लीचं नाव काय, ते कशावरून पडलं, आणि खाली त्याच गल्लीतल्या दोन जुन्या रहिवाशांच्या सह्या. हेडक्लार्क नानासाहेब या सह्यांच्या बाबतीत भलते कडक. "एकानं सांगितली ती बाजारगप्प," ते चष्मा पुसत म्हणायचे, "दोघांनी सही केली की तो इतिहास. समजलं का वैजनाथराव?"

वैजनाथ महिनाभर सायकलवर हिंडला. पैठण गेटापासून गुलमंडीपर्यंत एकेक बोळ पालथा घातला. माणसं आधी चहा पाजायची, मग भांडायची. एका बोळात दोन म्हातारे पार हमरीतुमरीवर आले. एक म्हणे नाव हौदावरून पडलं, दुसरा म्हणे हौदात पडलेल्या हत्तीवरून. "अरे, हत्ती मावंल का हौदात?" "मग सोंड तरी पडली असंल!" वैजनाथनं हौद लिहिला, हत्ती खोडला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि हसत सायकलवर टांग मारली.

अशा बत्तीस गल्ल्या झाल्या. तेहतिसावी त्याची स्वतःची, कडीची गल्ली. औरंगपुऱ्यात, एका तोंडाला बंद, या हाताला सात दारं, त्या हाताला सात. ती त्यानं शेवटाला ठेवली होती, कारण तिचं नाव कशावरून पडलं ते त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती.

सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितल्यावाचून पुढचं कळायचं नाही. आधी त्या बोळाला नावच नव्हतं. तिथं वीस वर्षं बांगड्या भरायला यायची ती रसूलबी. टोपली उतरवायची, उंबऱ्याबाहेर बसायची, आणि बायकांचे हात हातात घेऊन त्यांच्या सासवांची टिंगल करायची. तिनं भरलेली बांगडी पिचत नाही, असा तिचा लौकिक. वैजनाथच्या बहिणीच्या लग्नातला हिरवा चुडा तिनंच भरला होता. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यात एका दुपारी रसूलबी पळत त्या बोळात शिरली. मागं चार-पाच माणसं, बाहेरून आलेली, हातात काठ्या. तिनं पहिल्या दाराची कडी वाजवली. मग दुसऱ्या. मग समोरच्या. चौदा दारांच्या कड्या तिनं वाजवल्या, आणि प्रत्येक दाराशी त्या घरच्या बाईचं नाव घेऊन हाक मारली. शेवटचं दार वैजनाथचं. "अनसूया भाबी, मैं रसूलबी. कडी खोलो ना!"

आतल्या अडसरावर वैजनाथचा हात होता. अठरा वर्षांचा होता तो, कुक्कुलं बाळ नव्हता. समोर आई उभी होती, तिनं मान हलवली. नको. त्यानं हात उचलला नाही. दाराच्या फटीतून त्याला टोपली पडलेली दिसली, मग टोपलीवर एक पाय दिसला, मग काहीच दिसलं नाही. रसूलबी त्यानंतर कुणाला दिसली नाही. संध्याकाळी चौदाही दारं उघडली, आणि बायांनी काचा झाडल्या. जी ती आपापल्या दारापुरतं झाडून मोकळी झाली.

पलीकडच्या मोहल्ल्यानं नाव पाडलं, कडीची गल्ली. थुंकल्यासारखं म्हणायचे. पुढं टांगेवाले म्हणायला लागले, मग पोस्टमन, आणि वर्षा-दोन वर्षांत थुंकी वाळून गेली, नाव राहिलं.

आता हे रजिस्टरात लिहायचं? वैजनाथनं टाक दौतीत बुडवला आणि कचेरीत बसूनच लिहून टाकलं: 'येथे पूर्वी दाराच्या कड्या व कोयंडे घडविणारा लोहार राहत असे, त्यावरून.' लिहिताना त्याचे कान तापले होते. संध्याकाळी तो सह्यांना गेला. समोरचे सदाशिवराव, निवृत्त मास्तर, दुसऱ्याच्या पत्रातली वेलांटीसुद्धा दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मान खाली घालून सही केली. शेजारचे पुंजाराम मूळचे पैठणकडचे, शेतीवाले, पण पोरांच्या शाळेपायी तीस वर्षं शहरात. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "बेस लिवलंस," एवढंच म्हणाले, आणि अंगठा पुढं केला.

आठवड्यानं पाटी लागली. त्याच्या तिसऱ्या दिवशी नळावर सदाशिवराव सहज म्हणाले, "पाटी छान झाली हो. फकिराला बरं वाटलं असतं."

"कोण फकिरा?"

"अहो, आपला लोहार! डाव्या पायानं लंगडायचा तो. विसरलात?"

वैजनाथला वाटलं, मास्तर थट्टा करतायत. पण मास्तर आयुष्यात कधी थट्टा केलेला माणूस नव्हे. तो तडक पुंजारामांकडं गेला आणि आडून आडून विचारलं, लोहाराचं नाव काय म्हणून लावायचं?

"फकिरा की! लई गुणी मानूस. डावा पाय वाईच अधू व्हता." पुंजाराम तंबाखू मळत होते. "माज्या औताचा फाळ त्यानंच घडवला."

"तुम्ही पाहिलंत त्याला? डोळ्यांनी?"

"मंग काय कानानं बघतेत व्हय?"

दोघांचं ठरलेलं असणार, असं वैजनाथनं मनाला सांगितलं. सही केली, आता खोट्याला टेकू देतायत, बिचारे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी येताना गल्लीच्या तोंडाशी त्याला वास आला. तापल्या लोखंडावर पाणी ओतल्याचा. कोपऱ्यावरची चुन्याची भिंत त्यानं जन्मापासून पाहिली होती, पांढरी आणि कोरी. आज तिच्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत काजळी होती. जुनी, पोपडे धरलेली, वर्षानुवर्षांची काजळी. त्यानं बोट घासलं. बोट काळं झालं. खाली गटारीच्या कडेला लोखंडाचा बारीक कीस पडला होता, आणि तो गंजलेला होता.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर वैजनाथला बरं वाटलं. लोहार होता तर मग नाव लोहारावरूनच पडलं, आणि नाव लोहारावरून पडलं तर त्या दुपारी... त्या रात्री त्याला नऊ वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी उठल्यावर ते ध्यानात आलं, आणि त्याला आरशात बघवेना. बिनाआरशाचीच दाढी केली, दोनदा कापून घेतलं.

पुंजारामांची बायको साळूबाई दारात गहू निवडत बसली होती. वैजनाथ तिच्यासमोर उभा राहिला आणि जे नाव नऊ वर्षांत त्या गल्लीत कुणी उच्चारलं नव्हतं ते उच्चारलं. "वहिनी, रसूलबी आठवते का?"

साळूबाई दचकली नाही. हसली. "आठवायला काय झालं? त्या दिवशी फकिरा हातोडा घिऊन भट्टीवरनं उठला म्हनून निभावलं. आन् दार कुनी उघाडलं? तूच की! आमची समद्यांची हिंमत झाली नाय. तू मातर उघाडलंस, बाबा. मी माज्या लेकरांस्नी सांगती, वैजनाथकाकावानी व्हा."

"मी नाही उघडलं, वहिनी."

"बघा! किती इनय!"

"नाही हो उघडलं! माझा हात अडसरावर होता. तुम्हीही नाही उघडलं. काचा झाडल्या तुम्ही. मी पाहिलंय!"

साळूबाईनं सूप खाली ठेवलं आणि मायेनं त्याच्याकडं पाहिलं. "ऊन लागलंय तुला. ताक पिऊन जा."

त्यानंतर तो दारोदार हिंडला. तेरा दारं. प्रत्येक कडी त्यानं स्वतः वाजवली, आणि प्रत्येक दार ताबडतोब उघडलं. सगळ्यांना फकिरा आठवत होता. सगळ्यांना तो, वैजनाथ, आठवत होता. मास्तरांनी तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाया पडायला वाकलेल्या एका सुनेला त्यानं अक्षरशः हात जोडले, की बाई, नको.

कचेरीत त्यानं नानासाहेबांसमोर रजिस्टर उघडलं. "ही नोंद खोटी आहे. मी लिहिली. खोडायची आहे."

नानासाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "खोडा की. त्याच गल्लीतल्या दोघांच्या सह्या आणा."

"एक माझी."

"आणि दुसरी?"

दुसरी. साऱ्या औरंगाबादेत आता एकच माणूस उरलं होतं, ज्यानं त्या दुपारी बंद दाराच्या आत उभं राहून ती हाक ऐकली होती. आईला जर आठवत असेल, तर रसूलबीला दाराबाहेर मरू दिलं हे निदान दोन माणसांना ठाऊक राहील. नसेल, तर तिचं मरणसुद्धा या गल्लीनं झाडून टाकलं. आणि केरसुणी त्यानंच तिच्या हातात दिली होती.

तो घरी आला तेव्हा भर दुपार होती. गल्लीत ऐरणीवर घण पडत होता. ठण्. ठण्. त्यानं कोपऱ्याकडं पाहिलंच नाही.

अनसूयाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. भाकरी थापत होत्या.

"आई, रसूलबीचं बोलायचंय."

त्यांचे हात थांबले. आठवतंय, त्याला वाटलं. देवा, हिला आठवतंय!

"बोल," आई म्हणाली.

"त्या दिवशी तिनं कडी वाजवली. तू मान हलवलीस. मी उघडलं नाही. आपण उघडलं नाही, आई. माझ्यासंगं कचेरीत चल आणि एवढं सांग."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणून का रे असा वागतोस?"

"कसा?"

"नऊ वर्षं झाली तिला या घरात. मागच्या पडवीत राहते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांनी नावं ठेवली, ठेवू दे. माझी दुखणी तिनं काढली. आणि तू एका शब्दानं तिच्याशी बोलला नाहीस. तिच्याकडं बघतसुद्धा नाहीस. मला लाज वाटते रे, वैजू."

तेव्हा त्यानं पाहिलं. आईनं तीन पाट मांडले होते. तीन ताटं.

तिसऱ्या ताटातली भाकरी मोडलेली होती.

पाटावर कुणी नव्हतं. वैजनाथ बघत राहिला, डोळे फाडून बघत राहिला. कुणी नव्हतं. बाहेर घण थांबला.

"बोल की आता," आई म्हणाली. "ऐकतेय ती."

तो गुडघ्यांवर बसला.

"रसूलबी," तो रिकाम्या पाटाला म्हणाला, "अडसरावर माझा हात होता. मला माफ कर."

आईनं पाटाकडं मान वळवली. कुणाचं बोलणं पुरं होईतो थांबावं, तशी थांबली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडं बघून हसली.

"ती विचारते," आई म्हणाली, "कशाबद्दल?"