वारा फिरतो त्या दुपारी

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय. आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

मावशी आणि तिची धाकटी जाऊ समुद्राकाठच्या एका इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होत्या. धाकटीच्या तोंडाची टकळी अखंड चालू. झोपेतसुद्धा बोलायची.

तिथं उन्हाळाभर दुपारचा वारा समुद्राकडून येतो. थंडीच्या तोंडावर एक दिवस तो अचानक पडतो. मग जमिनीकडून वाहू लागतो.

त्या दुपारी वारा पडला.

मागच्या अंगणात ओल्या चादरी नुसत्या लटकत होत्या. मावशी चिमटे लावत होती. पलीकडून धाकटीची बडबड चालूच.

"वारा फिरला का हो, ताई?"

"कुठला फिरतोय! पान हलत नाही."

"आता फिरेल."

आणि फिरला...

साऱ्या चादरी समुद्राकडे फुगल्या.

एक सोडून.

ती उलटी, मावशीच्या अंगावर फुगली होती. पलीकडून कुणी आपलं तोंड तिच्यात दाबून धरावं तशी...

"पुरे हा चावटपणा!" मावशी ओरडली.

"काय झालं, ताई?"

आवाज मागून आला.

लाँड्रीच्या दारात धाकटी उभी होती. "मी तर केव्हाची इस्त्रीवर होते."

"मग इथं कोण..."

"फिरला ना, ताई?" चादरीमागून धाकटीचाच आवाज हसला.

धाकटी पांढरीफटक पडली. "अगंबाई, हा तर माझा..."

मावशीनं अडवायच्या आत तिनं चादर बाजूला सारली.

पलीकडे कुणीच नव्हतं.

धाकटी काहीतरी बोलायला गेली. ओठ हलले.

आवाज फुटलाच नाही...

तो आजतागायत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

दोघींनी नोकरी सोडली, आता एकाच घरात असतात. पण दरवर्षी वारा फिरतो त्या दुपारी मावशी दारं-खिडक्या लावून घेते. बाहेर धाकटीच्या आवाजात बडबड सुरू होते. तीच लाडिक हाक...

"ताई, दार उघडा की."

मावशी ओ देत नाही.

गेल्या वर्षी धाकटीच उठली आणि कडीला हात घातला. मावशीनं तिला अंधार पडेपर्यंत कवेत आवळून धरलं. ती हातपाय झाडत होती, रडत होती. तोंडातून हुंकारही नाही.

यंदा मावशीच्या हातात तेवढा जोर उरला नाही. म्हणून तिनं मला बोलावून घेतलंय.

आज सकाळपासून वारा पडलाय.