नायेलीच्या शोआधीचं गाऱ्हाणं

"मॅडम, सँडल घालून आत नाही जायचं."

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्या वर्कशॉपच्या दारातच मला कुणीतरी अडवलं. मी तणतणत वर पाहिलं आणि… रागवायचंच विसरले. निळा कव्हरऑल, कपाळावर घाम आणि डोळ्यांत मिश्कील हसू.

"मी मराठी, हे कसं कळलं?"

"गाडीतून उतरताना फोनवर कुणाला तरी झापत होतात ना." त्याने सेफ्टी शूजचा जोड पुढे केला. "नऊ नंबरचे आहेत, सैल होतील. जपून चाला."

"आणि पडले तर?"

"मी आहे ना… सुपरवायझर म्हणून."

हा विघ्नेश परब, मालवणचा. आणि मी वैभवी, पुण्याची, दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीत नोकरीला.

दोन हजार आठच्या जूनमध्ये मी नायेली नावाच्या कोलंबियन गायिकेला एका मॉलच्या उद्घाटनासाठी साइन केलं होतं. तेव्हा तिला तिच्या देशाबाहेर कुणी विचारत नव्हतं. मग मंदी आली. मॉल अर्धवट राहिला, आमचं अर्धं ऑफिस घरी गेलं. आणि इकडे नायेलीचं एक गाणं असं काही गाजलं, की फेब्रुवारीपर्यंत दुबईच्या प्रत्येक टॅक्सीत तेच वाजत होतं. तरी बाईने दिलेली तारीख पाळली. बॉसने तडक अठरा हजार माणसांचं मैदान घेतलं आणि मला म्हणाला, "यल्ला वैभवी, चल लवकर, स्टेज बनवून घे."

स्टेजचा सांगाडा विघ्नेशच्या वर्कशॉपमध्ये बनत होता, म्हणून सहा आठवडे मी मुसफ्फाला खेटे घातले. खरं तर दोनदा जाऊनही भागलं असतं.

विघ्नेश वेल्डिंग तपासताना नायेलीचं गाणं गुणगुणायचा. स्पॅनिश शब्द सगळे चुकीचे.

"अर्थ तरी कळतो का?" मी चिडवायची.

"कळतो की. समोरची रोज येते, पण मनातलं बोलत नाही, असं आहे त्यात."

"ती कशाला आधी बोलेल?" मी म्हणायची, आणि कान गरम व्हायचे.

शोच्या चार दिवस आधी त्याच्या वेल्डरकडून कळलं. वर्कशॉप बंद होतंय. विघ्नेशचा व्हिसा कॅन्सल, शनिवारचं तिकीट.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"मी? कशाला रडेन?" म्हणाले, आणि गाडीत बसून ढसाढसा रडले. हा काही न बोलता निघून जाणार होता, आणि मीही हट्टाला पेटले होते.

गुरुवारी संध्याकाळी गेट उघडायला तासभर होता. स्टेजवर देवाला गाऱ्हाणं घालायला विघ्नेशने नारळ हातात घेतला. सोबतची कोकणातली पंधरा माणसं हात जोडून उभी राहिली. साउंड चेकला आलेली नायेली कुतूहलाने थांबली. मीही थांबले.

"बा देवा रामेश्वरा, तुझ्या लेकरांनी ह्यो स्टेज उभो केल्यानी, तेका यश दी रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

"ही गाणारी पोरगी खंयसून खंय पोचली, तिका अशीच मोठी कर रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

विघ्नेश अडखळला. डोळे मिटलेलेच.

"आणि ही वैभवी… माका खूप आवडता. तिच्याशी लगीन करूचा आसा. तिच्या मनात आसात, तर तिच्याच तोंडातसून येवंदे रे म्हाराजा…"

पंधराच्या पंधरा माना वळल्या. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. छाती अशी धडधडत होती, की वाटलं, माइकवर ऐकू जाईल.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

शिट्ट्यांचा नुसता गदारोळ झाला. नायेलीला ओ की ठो कळलं नव्हतं, तरी तीही टाळ्या वाजवत होती. विघ्नेशने नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"शनिवारी जातोयस ना?" मी विचारलं.

"हो… जावं लागेल."

"मग रविवारी पुण्याला जा, आमच्या घरी. मी आज फोन करून ठेवते. आणि हे बघ, बाबांसमोर गाऱ्हाणं घालत बसू नकोस. सरळ माझा हात माग."