तोफेतली माती

सरकून बसा पोरांनो, आणि ते मोबाइल खाली ठेवा. ही गोष्ट माझ्यावर बेतलेली नाही. कारेगावच्या दावीदवर बेतली, आणि दावीद थापा मारणाऱ्यातला नव्हे. लेथ मशीनवरचा जुना कारागीर. रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, भूतबित न मानणारा माणूस.

पंधरा डिसेंबर दोन हजार चोवीस. वार रविवार. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी दावीद गाडी घेऊन निघाला.

काम साधं होतं. दुरुस्त केलेली तोफ पिकअपमध्ये घालून वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका गावात पोचवायची. सोळा तारखेला एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानांचा सत्कार होता, आणि चावडीपुढच्या या जुन्या तोफेतून सलामीचा बार काढायचा असं माजी सैनिकांनी ठरवलं होतं. दावीदनं महिनाभर तिच्यावर जीव ओतला. गंज घासला, बाभळीची नवी चाकं बसवून घेतली. आतली माती बुडापासून खरवडली, ती वर्षानुवर्षांच्या गाळासकट दोन घमेली निघाली. तिथंच घोटाळा झाला.

त्या गावची एक रीत आहे. पोरगा मिलिट्रीत निघाला की आपल्या रानातली मूठभर माती तोफेच्या तोंडात टाकतो. नोकरी संपवून आला की मूठभर काढतो आणि रानात नेऊन टाकतो. मग तो घरी आला म्हणायचा. चौघे कधी परतलेच नाहीत. त्यांची माती आत राहिली. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून बाहेरच्याला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. तोफ दावीदच्या शेडवर आणून टाकणारे हौसराव मिलिट्रीतले निवृत्त हवालदार होते. आपली मूठ काढून कधीचे मोकळे झाले होते, तेही विसरले. आपलं भागलं की दुसऱ्याचं कुठं आठवतं?

रविवारी दुपारी हौसराव तोफ बघायला आले. बरोबर कस्तुराबाई होती. तिचा नवरा जयसिंग एकाहत्तर साली लढाईत बेपत्ता झाला. प्रेत आलं नाही, नुसतं पत्र आलं. माती आत हाय तंवर माणूस वाटंवर हाय, असं म्हणत म्हातारीनं त्रेपन्न वर्षं त्याचं दिवसकार्य होऊ दिलं नव्हतं. आल्या आल्या तिनं कोपरापर्यंत हात तोफेत घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"आतली माती कुठाय?"

"काढली की, आजी. समदा गाळ साफ केला," दावीद कौतुकानं म्हणाला.

हौसरावांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी अडखळत ती रीत सांगितली. म्हातारी भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मग मालक आलं तर काय उचलतील?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पोरांनो. दावीदनं तिथलं घमेलं उचललं. तो म्हणाला, "माती परत भरतो, आजी. आजच्या आज."

"आन् उद्याचा बार?" हौसराव पुटपुटले.

"ऱ्हाऊ द्या तुमचा बार, आबा," दावीदनं तोडलं.

ते दोघं गावी गेले. रविवारी हत्याराला हात न लावणारा दावीद चाळण घेऊन शेडमागं बसला. टाकलेल्या मातीवर लेथचा लोखंडी कीस पडला होता. "अवो, दोन घास खाऊन तरी घ्या," असं त्याची बायको हन्ना दोनदा सांगून गेली. हा उठला नाही. अंधारातही चाळत राहिला. चाळलेली सगळी माती तोफेत भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि एकटाच निघाला.

वाटेतलं न्हावरं मागं पडलं. थंडी मरणाची होती. टिपूर चांदणं, दोन्ही बाजूंना शेतं. गाव दोनेक किलोमीटर राहिलं असेल. पाऊण वाजला होता.

मागं आवाज झाला.

खर्र... खर्र...

तोफ सरकली असेल म्हणून त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. आवाज थांबला नाही.

खर्र... खर्र...

दावीद उतरला. मागं आला.

गाडीत, तोफेपाशी एक माणूस उभा होता. लोकरी कोट. पाय अनवाणी. एक हात खांद्यापर्यंत तोफेत.

"कोण हाय?"

...

"कोण पायजे?"

...

"जयसिंग...?"

खरवड थांबली. मान वळली. एवढं चांदणं होतं, तरी तोंड दिसलं नाही.

दावीदला प्रार्थना आठवेना. ओठ हलले, ते भलतंच बोलले. "घ्या... चाळून ठिवलीया. बारीक लोखंड ऱ्हायलं आसंल... माफी करा."

हात बाहेर आला. मूठ बंद होती. माणूस खाली उतरला, बांध ओलांडला... आणि नव्हता.

तोफेच्या तोंडाचं फडकं जसंच्या तसं होतं. गाठही दावीदनंच मारलेली.

भ्यालास का, असं मी नंतर त्याला विचारलं. म्हणाला, "न्हाई वो. रडू आलं. खांद्यावनं पोरगंच वाटलं, बाविशीचं." उजाडेपर्यंत तो गाडीतच बसून होता.

सकाळी गावात शिरला, तर चावडीपाशी गर्दी होती, पण ती तोफेसाठी नव्हती. कस्तुराबाईचा पुतण्या सुदर्शन आदल्या रात्री लाइट होती तोवर गव्हाला पाणी देऊन आला होता, आणि उजाडताच परत जाऊन काहीतरी बघून त्यानं माणसं गोळा केली होती. दावीद त्यांच्यामागोमाग गेला. जयसिंगचं रान तेच निघालं. रात्री गाडी थांबली होती, त्या बांधाखालचं.

ओल्या वाफ्यांत अनवाणी पावलं उमटली होती. बांधापासून थेट रानाच्या मधोमध.

"चोरबीर आसंल, काकी," सुदर्शन म्हणाला.

कस्तुराबाई पावलांच्या कडेकडेनं चालत गेली. शेवटच्या पावलापाशी खाली बसली. मग तिनं चिखलावरून हात फिरवला, हलकाच, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"सुदर्शन, गुरुजींना सांगावा धाड," ती म्हणाली. "आज पयला दिवस धर."

सत्कार झाला, बार कुणी काढला नाही. बाकी तिघांची माती अजून तोफेत आहे. आणि त्या पावलांचं म्हणाल, तर साऱ्या गावानं बघितली. दावीदनं रानाला दोनदा वळसा घातला, चारही बांध तपासले. पावलं आत आलेली होती. परत गेलेलं एकही नव्हतं.