पाणी असूनही सुकणारी लिली

कुंडीतली माती ओली होती, खिडकीत ऊनही बेताचंच येत होतं, तरी लिलीच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या कडेने मलूल पडल्या होत्या. शर्वरीने पुन्हा पाणी घातलं. फूल काही मनावर घेईना.

तिची आई चंद्रावरच्या तळावर यंत्रं दुरुस्त करायला गेली होती. ती आजच परतायची, पण हवामान बिघडल्यामुळे यान शनिवारवर गेलं. ‘तू आलीस की उमललेली लिली दाखवीन,’ असं शर्वरीने तिला कबूल केलेलं. आता फूल शनिवारपर्यंत टिकतंय कसलं! म्हणून बाईसाहेब कात्री घेऊन निघाल्या. फूल कापायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं, झालं.

माई, म्हणजे तिची आजी, फुलांच्या रसायनांची शास्त्रज्ञ. तिने कात्री हिसकावली नाही. स्वतः बनवलेला पेशीचष्मा तेवढा नातीच्या नाकावर चढवला. तो घातला की पाकळीच्या आतलं सगळं दिसे.

माईने आधी शेंड्याची कळी पाहायला लावली. तिच्या पेशींत पिष्टाचे (झाडाने साठवलेल्या पिठूळ अन्नाचे) कण खच्चून भरले होते. उमलायची वेळ आली की विकरं (पेशीतली कामं झटपट करणारी प्रथिनं) त्या पिष्टाची साखर करतात. साखर पाणी ओढून घेते, पेशी फुगतात आणि कळी उघडते. साखर लावलेल्या आंब्याच्या फोडींना पाणी सुटतं, ते शर्वरीने पाहिलं होतं. तिला हे पटलं.

मग तिने मलूल पाकळीकडे पाहिलं. इथे पेशीपटलं (पेशींची पातळ वेष्टणं) झिरपत होती, म्हणून मुळांशी पाणी असूनही पेशीत ते राहत नव्हतं. वेगळीच विकरं प्रथिनांचे तुकडे करत होती. सगळं सडतंय, असं म्हणून शर्वरी रडायलाच लागली.

“सडत नाहीये गं,” माई म्हणाली. “घर बदलताना आपण कपाट खोलून फळ्या नेतो की नाही? कामाचं ते सगळं फूल बीजांडकोशात (बिया धरतात त्या भागात) पाठवतंय.”

खरंच, साखर फुलाच्या मधल्या हिरव्या भागाकडे चालली होती. शेजारच्या लिलीचे परागकण शर्वरीनेच कापसाने तिथे लावले होते. माईने काही लपवलं नाही. फ्रिजच्या थंडीत सगळ्या क्रिया मंदावतात, फूल शनिवारपर्यंत तगेलही, पण बियांना काही मिळणार नाही. आता फूल तिचं, तिनेच ठरवायचं.

शर्वरीला राग आला, फुलाचा, माईचा आणि चंद्राचासुद्धा. बराच वेळ कात्री हातात धरून ती बसून राहिली. शेवटी तिने ती खणात ठेवून दिली.

शनिवारी आई आली, तेव्हा पाकळ्या गळून मातीत पडल्या होत्या. देठावर छोटंसं हिरवं बोंड होतं. फूल दाखवता आलं नाही, हे शर्वरीने आधीच सांगून टाकलं. मग तिने सगळी हकीकत एका दमात सांगितली. आईने वाकून बोंड न्याहाळलं. तळावर काचघर बांधून तयार होतं, पण रुजवायला अजून काही नव्हतं. या बिया पुढच्या फेरीला नेऊ का, असं तिने लेकीला विचारलं.

“ने,” शर्वरी म्हणाली. “पण पिकायला दोन-तीन महिने लागतात. तोवर तू कुठे जायचं नाहीस.”

आईने तिला जवळ ओढलं आणि तळावर कळवून टाकलं, की पुढची फेरी बिया पिकल्यावर.