आधी कुलूप लावा

"मुलगा की मुलगी?"

दार उघडून धरत त्यानं विचारलं आणि मी गोंधळलेच. बाहेर धो धो पाऊस, रेनकोट अंगात घालायचा सोडून मी तो छातीशी धरलेल्या खोक्याला गुंडाळलेला, आणि केसांतून पाणी निथळून थेट मानेत...

"कंट्रोलर," मी म्हटलं.

"अरे वा! वजन किती भरलं?"

हसू आलं, पण मी ते गिळलं. प्रसूतिगृहातल्या नवजात बाळांच्या खोलीत ऊब किती हवी, पंखा केव्हा जोरात फिरायला हवा, हे यापुढे तो खोका ठरवणार होता. त्याच्या वायरी जोडणार होते मी. एकटीच्या जबाबदारीवरचं माझं पहिलं काम! बाबा आयुष्यभर विजेचं काम करत आले. निघताना एवढंच म्हणाले, "पोरी, वीज दिसत नाही. म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही."

दार धरणारा त्या बाळांच्या खोलीचा नर्स होता. दुपारी तो तळघरातल्या पॅनेलरूममध्ये डोकावला. मी मेन स्विच बंद करून, मध्येच कुणी तो चालू करू नये म्हणून त्याला माझं कुलूप लावलं होतं आणि प्रत्येक तारेला टेस्टर लावून पाहत होते.

"बंद केलंय ना? मग पुन्हा काय तपासता?"

"टेस्टरच बिघडला असेल तर? आधी चालू तारेवर बघायचं, मग बंद तारेवर, मग परत चालू तारेवर."

"आम्हीही औषधाचा डोस दोघं मिळून वाचतो," तो म्हणाला. "तुमची-आमची पत्रिका जुळतेय."

मी मान वर केलीच नाही. जाड वायरी एका बाजूनं, तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक वायरी दुसऱ्या बाजूनं, दोघींत अंतर राखून नेत होते. स्क्रू आवळला की वायर ओढून बघायची.

"ओढता कशाला?"

"सुटायची असेल तर आत्ता सुटू दे."

"माणसांनाही असंच ओढून बघता?"

"अजून कुणी... जोडलंच नाही," मी बोलून गेले आणि कान तापले.

"बरं, काही लागलं तर हाक मारा. इथे सगळे मला ब्रदर म्हणतात."

"म्हणू देत. मी नाही म्हणणार!"

शब्द तोंडातून सुटला आणि मला वाटलं, त्या पॅनेलमध्येच शिरून दार लावून घ्यावं.

"मग काय म्हणणार?"

"अहो, जरा बाजूला व्हा ना, उजेड अडतोय..."

"अहो?" तो दारातच थांबला. "ही तर एकदम बढतीच झाली!"

त्यानंतर तो रोज काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी चहा, कधी 'खोलीत थोडं गार वाटतंय'. मी त्याच्या पावलांची वाट पाहायला लागले, आणि त्या वाट पाहण्याचीच धास्ती वाटायला लागली. लक्ष विचलित झालं की हात चुकतो, आणि माझ्या कामात हात चुकून चालत नाही.

कंट्रोलर सुरू करायचा दिवस उजाडला. तळघरात प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक साहेब माझ्या पाठीशी उभे होते. पडद्यावर आकडे उमटले, बाळांची खोली छान उबदार दिसत होती. साहेब खूश झाले. तेवढ्यात फोन वाजला.

"पॅनेलबाई, काहीतरी गडबड आहे," त्याचा आवाज बारीक झाला होता. "बाळांचे पाय गार लागतायत."

"इथे तर तापमान बरोबर दिसतंय..."

"भिंतीवरचा थर्मामीटर कमी दाखवतोय. आणि माझा हातही."

"ब्रदर उगाच घाबरतात हो," साहेब म्हणाले. "नवी मशीन खोटं बोलेल का?"

मी पडद्याकडे पाहिलं. पंख्यानं वेग घेतला आणि आकडा टुणकन वर उडाला. हवा अशी क्षणात तापत नाही. कुठेतरी पंख्याची जाड केबल सेन्सरच्या वायरीला चिकटली होती आणि सेन्सरचा निरोप बिघडवत होती. त्यामुळे खोली गरम आहे असं समजून कंट्रोलर ऊब बंद करत होता... आणि वर ती मूठभर बाळं! मी धावत वरच्या बोळातली शिडी गाठली. फॉल्स सीलिंग बसवणाऱ्यांनी माझ्या सगळ्या वायरी प्लास्टिकच्या पट्टीनं एका गठ्ठ्यात आवळून बांधल्या होत्या. पुन्हा तळघरात जाऊन मेन बंद करायचा म्हणजे वेळ जाणार. हात आत घालावा, पट्टी कापावी, झालं...

"कुठे आहात?" फोन अजून कानाशीच होता.

"शिडीवर. इथूनच सोडवते, पटकन होईल."

"खाली उतरा." मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "आधी कुलूप लावा."

"पण बाळं?"

"बाळांच्या आयांना बोलावलंय. पांघरुणाखाली आईच्या छातीशी बाळ गार पडत नाही. एकाची आई ऑपरेशनमध्ये आहे, ते माझ्याजवळ आहे. इकडे मी बघतो. तुम्ही तुमचे हात सांभाळा... प्लीज."

मी खाली उतरले. मेन बंद केला, कुलूप लावलं, टेस्टर फिरवला. मग वर चढून गठ्ठा सोडवला आणि दोन्ही वायरी लांब लांब बांधल्या. तळघरात परतून मेन चालू केला, पंखा जोरात फिरला, पण पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. थोड्या वेळानं तो हळूहळू, शहाण्यासारखा चढू लागला.

"थर्मामीटरशी जुळतोय का?" मी फोनवर विचारलं.

"तंतोतंत," तो म्हणाला, आणि मी पॅनेलचं दार लावून घेतलं.

वर गेले तेव्हा खोलीत ऊब होती. आया बाळांना कुशीत घेऊन पेंगत होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला होता, शर्टाची बटणं उघडी, आणि छातीवर पांघरुणात एक इवलंसं काळं जावळ. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ गेले.

"काम संपलं तुमचं?" तो कुजबुजला.

"हो. उद्यापासून दुसऱ्या गावी. मोठी इमारत आहे."

त्यानं बाळावरचं पांघरूण नीट केलं. काचेवर पाऊस सरसरत होता.

"मघाशी शिडीवर म्हणालात ना..." त्याचा आवाज अडखळला, "तेव्हा मला या सगळ्या बाळांइतकीच तुमचीही काळजी वाटली. त्यांच्यासाठी आया होत्या. तुमच्याजवळ कुणीच नव्हतं, आणि मला खोली सोडता येत नव्हती. तुम्हाला काही झालं असतं तर... तेव्हाच कळलं मला."

"काय कळलं?"

"सांगू? की ती 'अहो'ची बढती कायमची करून घ्यायचीय म्हणू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी गाडी आज संध्याकाळचीच आहे," मी म्हटलं.

"आणि मला उठता येत नाहीये," त्यानं हताशपणे त्या जावळाकडे पाहिलं. "नाहीतर गेटपर्यंत तुमच्यामागे आलो असतो."

"मग राहू द्या गेट." मी स्टूल ओढलं आणि त्याच्या खुर्चीला अगदी लागून बसले. "बाळाची आई येईपर्यंत सांगा सगळं. सावकाश."