बेबीच्या पाळणाघराचा परवाना

झेरॉक्सचं यंत्र बंद पडलं तेव्हा बेबीच्या हातात सत्तावीस कागद होते आणि बाहेर पाऊस भुरभुरत होता.

दुकान एवढंसं, सरकारी कचेरीच्या समोर, एका जिन्याखाली. दुकानदार यंत्राच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद शोधत होता. आडोशाला दोनच माणसं मावत होती. एक बेबी, आणि दुसरा एक उंच, किडकिडीत तरुण. त्याच्या खिशात तीन पेनं होती आणि चष्म्यावर थेंब. तो तिच्या कागदांकडे बघत होता. बघत नसल्यासारखं दाखवत — पण बघत होता.

‘काय आहे?’ शेवटी ती म्हणाली.

‘माफ करा... पण हा अर्ज चुकीचा आहे.’

‘म्हणजे?’

‘हा शाळेसाठीचा. तुमचं तर पाळणाघर आहे. वर लिहिलंय तुम्ही. त्याचा अर्ज वेगळा असतो. निळा.’

बेबीला रडू कोसळायचंच काय ते बाकी राहिलं. तीन दिवस ती त्या कचेरीत खेटे घालत होती. एक नंबरची खिडकी चार नंबरकडे बोट दाखवायची, चार नंबरची साहेबांकडे, आणि साहेब जागेवर नसायचे.

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला ‘बेबी’ हे नाव पडलं, ते एकतिसावं वर्ष लागलं तरी सुटलं नव्हतं. त्यात तिने आत्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर काढलं. नऊ मुलं होती. सगळं छान चाललं होतं, आणि मग नोटीस आली : महिनाअखेरपर्यंत परवाना घ्या, नाहीतर बंद करा. दवाखान्यात नर्स असलेली जुळ्यांची आई ती नोटीस वाचून दारातच खाली बसली होती. ‘सात वाजता माझी ड्यूटी असते गं,’ एवढंच ती म्हणाली होती.

हे सगळं बेबीने त्या अनोळखी माणसाला का सांगितलं कोण जाणे. त्याने मात्र मन लावून ऐकलं, खिशातून एक जुना लिफाफा काढला आणि भिंतीला टेकवून लिहायला सुरुवात केली.

‘कोणाला भेटायचं हे कळलं की अर्धं काम झालं,’ तो म्हणाला. ‘अग्निशमनवाले दुसऱ्या मजल्यावर. दहाच्या आत गाठा, नंतर सापडत नाहीत. आरोग्य विभागात एक बाई आहेत. रागावल्या तर घाबरू नका, त्या तशाच बोलतात. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांचा दाखला लागेल. आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण... ते झालंय?’

‘झालंय.’

‘मग तुम्ही जिंकल्यातच जमा.’

‘तुम्ही एजंट का हो?’

‘छे! नाही.’

‘मग एवढं सगळं कसं माहीत?’

‘माझं... रोजचं येणं-जाणं आहे,’ तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बेबी लिफाफ्यावर लिहिलेल्या क्रमाने चालत गेली. अग्निशमनवाले साडेनऊला सापडले. आरोग्यवाल्या बाई रागावल्या, बेबी घाबरली नाही, आणि पाचव्या मिनिटाला त्या स्वतःच्या नातवाचे फोटो दाखवू लागल्या. पोलिसांच्या दाखल्यापाशी मात्र आत्या अडली.

‘सत्तर वर्षांत माझ्या चारित्र्याबद्दल कुणाला शंका आली नव्हती!’

‘आत्या, नियमच आहे तसा.’

‘बरं. पण मिळाला की मी तो फ्रेम करून भिंतीवर लावणार.’

आठवड्याभरात निळा अर्ज आत गेला. आता एकच राहिलं होतं, तपासणी. त्या सकाळी बेबीने फरशी दोनदा पुसली, मुलांची नाकं तीनदा. बेल वाजली. तिने दार उघडलं, तर उंबऱ्यात तीन पेनं आणि चष्मा!

‘तुम्ही?’

‘मी... तपासनीस.’

‘त्या दिवशी सांगितलं का नाहीत?’

‘तुम्ही विचारलंत एजंट का. मी खरं तेच सांगितलं.’

त्याने बूट काढले, टेप काढली आणि मोजायला लागला. खिडकीची उंची, दोन गाद्यांमधलं अंतर, औषधांच्या कपाटाचं कुलूप. नळाचं गरम पाणी त्याने दोनदा तपासलं. तीन वर्षांची ठमी टेपचं दुसरं टोक धरून त्याच्यामागे फिरत होती आणि तो बोलेल तो आकडा ओरडून सांगत होती. जिन्याच्या फाटकापाशी तो थांबला.

‘दोन गजांमधलं अंतर बोटभर जास्त आहे. मुलाचं डोकं अडकू शकतं.’

‘बोटभर?’

‘अडकायला तेवढं पुरतं.’

‘तुमचं अडकलंय का कधी?’ बेबीने विचारलं.

त्याने वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘आत्तापर्यंत तरी... नाही,’ तो म्हणाला, आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

फाटक दुरुस्त झालं. ते बघायला तो आला. मागच्या दाराची किल्ली उंचावर टांगायला सांगितली होती, ती टांगली का ते बघायला पुन्हा आला. चौथ्यांदा आला तेव्हा काय बघायचं होतं हे त्याला पटकन आठवेना.

‘ह्या मोजणीवाल्याला आपलं घर विकत घ्यायचंय का गं?’ आत्याने स्वयंपाकघरातून विचारलं. तिच्या मते ती हळू बोलली होती.

त्या दिवशी मुलं झोपली होती. पंखा संथ फिरत होता. दोघं दारापाशी उभी राहून कुजबुजत बोलत होती, मुलं उठू नयेत म्हणून... निदान कारण तरी तेच होतं.

‘गरम पाणी तुम्ही दोनदा का तपासता?’

त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुरकुतलेली होती. ‘चार वर्षांचा होतो. आई कामावर जायची, मला एका बाईंकडे ठेवायची. बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्याकडे बघायला कुणी कधी आलं नव्हतं.’

बेबीने ती बाही हलकेच खाली ओढली आणि बटण लावलं. लावून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं, आणि ती घाईने गाद्या सारख्या करायला गेली. गाद्या सारख्याच होत्या.

मग तो यायचा थांबला.

चौथ्या दिवशी पत्र आलं : ‘आपले प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे वर्ग करण्यात आले आहे. तपासणी नव्याने होईल.’ महिना संपायला नऊ दिवस होते. बेबीने त्याला फोन लावला.

‘असं कसं केलंत तुम्ही? सगळं तर झालं होतं!’

‘हो. पण ते नियमात बसत नव्हतं.’

‘काय बसत नव्हतं? माझं पाळणाघर?’

‘नाही...’ तो अडखळला. ‘मी.’

तिला काही कळलं नाही. रागाच्या भरात तिने फोन ठेवला आणि दुपारभर मुलांना गोष्ट सांगताना राक्षसाला चष्मा घातला.

नव्या अधिकारी म्हणजे कचेरीतल्या मोठ्या बाई. निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आवाज असा की कुत्रंही बसून घेईल. त्यांनी पहिल्यापासून सगळं मोजलं. दोन तास बेबीच्या जिवात जीव नव्हता. शेवटी बाई मुलांच्या स्नानगृहापाशी थांबल्या.

‘ही आतली कडी. मूल आत कोंडलं जाईल. काढून टाका.’

‘आधीच्या साहेबांनी तर काही म्हटलं नव्हतं.’

‘चार वेळा येऊन त्याला दिसली नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आमच्या कचेरीतला सगळ्यांत बारीक नजरेचा माणूस तो. नजर कुठे होती, ते मी विचारलं नाही.’

बेबीची कानशिलं गरम झाली.

‘त्यांनी फाइल का सोडली, बाई?’

‘आमच्याकडे एक कागद भरून द्यावा लागतो. अर्जदाराशी नातं आहे का? तर नाही, असं लिहिलं. काही देणंघेणं? नाही. आपुलकी? तिथे लिहिलं, आहे.’ मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. ‘तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्या रकान्यात ‘आहे’ लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. लोक लपवतात. बरं, कडी कधी काढताय?’

कडी त्याच संध्याकाळी निघाली. मुदत संपायला दोन दिवस असताना परवाना हातात आला. जुळ्यांच्या आईने तो बघून बेबीला अशी मिठी मारली की कागदाला घडी पडली. आत्याने तो आपल्या चारित्र्याच्या दाखल्याशेजारी टांगला.

सगळी पांगल्यावर बेबीने त्याला फोन लावला.

‘परवाना मिळाला.’

‘कळलं. अभिनंदन.’

‘आता इथे यायला काही नियम आडवा येतो का?’

पलीकडे पेन खाली पडल्याचा आवाज आला. मग, ‘...नाही.’

‘मग सहा वाजता या. मुलं गेलेली असतात.’

तो सहाला पाच मिनिटं कमी असताना आला. बसायला मुलांच्या खुर्च्याच होत्या, वीतभर उंचीच्या. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. बाहेर भुरभुर पडत होती आणि खोलीत खडूचा, साबणाचा, झोपून उठलेल्या गाद्यांचा वास होता.

‘मी विभाग बदलून घेतलाय,’ तो म्हणाला. ‘तुमचा परवाना दर वर्षी नवा करावा लागणार. दर वर्षी मोठ्या बाई कुठून आणू? आता मी वृद्धाश्रम तपासतो.’

‘म्हणजे आता माझी पाळी!’ आतून आत्या म्हणाली.

बेबी हसली नाही. ‘मला एक सांगा. तुम्ही कागदावर लिहून मोकळे झालात. साहेबांना कळलं, मोठ्या बाईंना कळलं, शिपायालाही कळलं असेल. मलाच तेवढं नाही कळलं. मला का नाही विचारलंत?’

त्याने चष्मा काढला, हातातच धरला.

‘फाइल माझ्याकडे होती. तुमची नऊ मुलं त्या एका सहीवर होती. तेव्हा विचारलं असतं आणि तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात... तर ते मला म्हणालात की परवान्याला, हे मला जन्मभर कळलं नसतं. आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणायचं असतं, तर ते तुम्ही म्हणू शकला नसतात.’

आठवडाभराचा राग कुठे शोधावा हेच बेबीला कळेना.

‘सही करून मग सोडली असती फाइल, तर?’

‘मग कुणीतरी म्हटलं असतं की बेबीला परवाना ओळखीने मिळाला. तो तुम्हाला तुमच्या कामामुळे मिळालाय.’

असं म्हणून तो उठायला गेला, बहुतेक निघायलाच. आणि खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. घट्ट बसली होती. तो एका हाताने चष्मा सांभाळतोय, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढतोय, कान लालभडक! बेबीला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मग तिनेच खुर्ची ओढून काढली.

‘बस खाली,’ ती म्हणाली. ‘आणि आता विचार.’

त्याने चमकून पाहिलं. ‘बस’ म्हणाली होती ती. ‘बसा’ नाही.

तो खाली फरशीवरच बसला. घसा साफ केला, अडखळला, पुन्हा सुरुवात केली. वाक्य अर्ध्यावर आलं असेल-नसेल, तेवढ्यात ती ‘हो’ म्हणून मोकळी झाली.

‘अगं, पूर्ण तरी करू दे त्याला!’ आत्या आतून ओरडली.